आपल्या वेबसाइटवरचे लेखन समाजमाध्यमांवर आपोआप कसे पोचवावे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत आणि बडग्या या पुतळ्यांची मिरवणूक निघते. समजा, शहराच्या महाल भागात राहणाऱ्या कोणी तिच्यावर आपल्या वेबसाइटवर छायाचित्रांसह लेख लिहिला. तो त्याच दिवशी लोकांसमोर यावा म्हणून फेसबुकचे पेज, मास्टोडॉन, ब्लूस्काय आणि टेलिग्रामचे चॅनल अशा चार ठिकाणी जाऊन दर वेळी मथळा लिहायचा, लिंक चिकटवायची आणि चित्र जोडायचे, हे काम एका लेखापुरते जड नाही. पण आठवड्याला दोन लेख लिहिणाऱ्याला ते लवकरच नकोसे होते, आणि मग तो वेबसाइट बाजूला ठेवून थेट फेसबुकवरच लिहू लागतो. ही ने-आण यंत्रावर सोपवता येते. ती कोणत्या क्रमाने जुळवावी आणि तिचा कोणता भाग आपल्या हातातच ठेवावा, ते येथे सांगितले आहे. वाचकाकडे स्वतःची वेबसाइट आहे आणि तिच्यावर लेख टाकणे त्याला जमते, एवढेच गृहीत धरले आहे. प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही.

मूळ प्रत कोठे राहणार, हे आधी ठरवावे

सगळ्या जुळवाजुळवीच्या मुळाशी एकच नियम आहे: लेख आधी आपल्या वेबसाइटवर प्रकाशित व्हावा आणि तेथून त्याची प्रत किंवा लिंक इतरत्र जावी, उलट कधीही नाही. इंडीवेब या चळवळीतील मंडळींनी या पद्धतीला 'पॉसी' असे नाव दिले आहे. तिच्यामागचे कारण आपल्याकडच्या लोकांना वेगळे समजावून सांगावे लागू नये. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गूगल प्लसची वैयक्तिक खाती २ एप्रिल २०१९ रोजी बंद झाली, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे कू जुलै २०२४ मध्ये आवरते घेण्यात आले. ज्यांचे लेखन केवळ तेथेच होते त्यांना ते वेळेत उतरवून घ्यावे लागले किंवा त्यावर पाणी सोडावे लागले. ज्यांची मूळ प्रत स्वतःच्या वेबसाइटवर होती, त्यांचा फक्त एक रस्ता बंद झाला.

या नियमातून लगेच करण्यासारखे एक काम निघते. आपल्या खात्यांमध्ये आधीपासून चालू असलेल्या आपसांतल्या जोडण्या शोधून त्या बंद कराव्यात. इन्स्टाग्रामवर टाकलेली पोस्ट फेसबुकवर आपोआप जाण्याची सोय अनेकांनी कधीतरी चालू करून ठेवलेली असते आणि ते विसरूनही गेलेले असतात. वेबसाइटवरून फेसबुक आणि इन्स्टाग्राम या दोन्हींकडे पाठवणे सुरू केले, तर हाच लेख फेसबुकवर दोनदा दिसतो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे समाजमाध्यमावरची पोस्ट परत वेबसाइटवर आणणारी सोयही सोबत चालू असणे: मग वेबसाइटवरून गेलेली पोस्ट परत येते, नवीन समजून पुन्हा बाहेर जाते, आणि कोणीतरी कळवेपर्यंत हा फेरा थांबत नाही.

पहिली पायरी: फीड तपासणे

आपल्या वेबसाइटवर नवे काय आले, हे दुसऱ्या यंत्राला कळावे यासाठी वेबसाइट एक यादी सतत तयार ठेवते. तिला फीड म्हणतात. आरएसएस हा तिचा सर्वात परिचित प्रकार १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत जन्मला आणि आजही तोच सर्वत्र चालतो. वर्डप्रेसवरील वेबसाइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजी अक्षरांत 'फीड' असे लिहिले की ही यादी उघडते. ह्यूगोसारख्या साधनाने बनवलेल्या वेबसाइटवर ती बहुधा 'इंडेक्स डॉट एक्सएमएल' या नावाने असते. ब्राउझरमध्ये ती ओबडधोबड दिसते, त्याने बिचकू नये. तीत तीनच गोष्टी पाहायच्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे सर्वात वर अलीकडचा लेख आहे की नाही. पानांच्या तयार प्रती साठवून ठेवणारे (कॅशे करणारे) प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडलेली सोय, कधीकधी फीडचीही जुनी प्रत देत राहते. तसे असल्यास त्याच्या सेटिंगमध्ये फीडला वगळावे. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक नोंदीसोबत येणारे वर्णन. वर्डप्रेसमध्ये लेखाला जोडलेली 'एक्सर्प्ट' नावाची चौकट रिकामी सोडली तर ते लेखाचे पहिले ५५ शब्द उचलते आणि पुढे कंसात टिंबे टाकते. मारबतीवरचा लेख 'लहानपणी आजीचा हात धरून आम्ही...' असा सुरू होत असेल, तर समाजमाध्यमावर तेवढेच दिसेल आणि लेख कशाविषयी आहे याचा पत्ताच लागणार नाही. म्हणून ही चौकट प्रत्येक लेखासाठी स्वतः भरावी. स्वयंचलित प्रसारणात लेखकाचे खरे कसब याच दोन ओळींत लागते, आणि नवखे नेमके येथेच घाई करतात.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक नोंदीची ओळख. फीडमध्ये दर लेखाला एक कायमचा ओळखक्रमांक असतो, आणि पुढे पाठवणारे यंत्र त्याच्यावरूनच 'हा पाहिलेला, हा नवा' असे ठरवते. वेबसाइटचे डोमेन बदलले किंवा एका साधनावरून दुसऱ्या साधनावर स्थलांतर केले की हे क्रमांक बदलू शकतात, आणि मग यंत्र तीन वर्षांपूर्वीच्या लेखांसकट सगळे काही नवे समजून एका दुपारी लोकांच्या माथी मारते. असा कोणताही बदल करण्यापूर्वी सगळ्या स्वयंचलित जोडण्या बंद कराव्यात आणि बदल पार पडल्यानंतरच त्या चालू कराव्यात.

दुसरी पायरी: लिंकसोबतचे कार्ड

लिंक चिकटवल्यावर खाली चित्र, मथळा आणि एक-दोन ओळींचे जे कार्ड उमटते, ते पानात दडलेल्या ओपन ग्राफ या खुणांवरून तयार होते. फेसबुकने २०१० मध्ये सुरू केलेल्या या खुणा आता जवळपास सगळी माध्यमे वाचतात. व्हॉट्सॲपवर दिसणारे कार्डही त्यांच्यावरूनच बनते. वर्डप्रेसवर योस्टसारखे प्लगइन त्या आपोआप भरते. आपल्याला फक्त प्रत्येक लेखाला एक मुख्य चित्र द्यायचे असते. १२०० बाय ६३० पिक्सेलचे आडवे चित्र सगळीकडे बरे दिसते. मारबतीचा पुतळा उंच असल्याने तिचे छायाचित्र बहुधा उभे असते, आणि कार्डात तिचे डोके व पाय दोन्ही छाटले जातात. अशा लेखासाठी कार्डापुरते वेगळे आडवे चित्र निवडावे. फाइल काही शे किलोबाइटच्या आत ठेवावी, कारण मोठे चित्र व्हॉट्सॲप अनेकदा गाळून टाकते.

कार्ड चुकीचे आले आणि वेबसाइटवर ते दुरुस्त केले, तरी फेसबुक आणि लिंक्डइन आपापल्या साठ्यातली जुनी प्रत दाखवत राहतात. फेसबुकचे 'शेअरिंग डीबगर' आणि लिंक्डइनचे 'पोस्ट इन्स्पेक्टर' या पानांवर लिंक टाकली (आणि फेसबुकच्या पानावर 'स्क्रेप अगेन' हे बटणही दाबले) की ते नव्याने वाचून घेतात.

तिसरी पायरी: कोठे पाठवायचे आणि कोठे नाही

सगळीकडे पाठवण्याचा मोह आवरावा. काटोल-नरखेड भागातील संत्रा बागायतदारांसाठी आंबिया बहराच्या तोडीविषयी आणि बाजारभावाविषयी लिहिणाऱ्याचा वाचक फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर आहे. मास्टोडॉनवर त्याची कोणी वाट पाहत बसलेले नाही. उलट नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातील कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी संगणकविषयक लिहिणाऱ्याने लिंक्डइन आणि मास्टोडॉन धरावे. सुरुवातीला दोन ठिकाणे पुरेत. ती महिनाभर सुरळीत चालल्यावर तिसरे जोडावे.

निवड करताना प्रत्येक माध्यम काय करू देते, हेही माहीत असावे. फेसबुकने १ ऑगस्ट २०१८ पासून वैयक्तिक प्रोफाइलवर बाहेरच्या यंत्रांनी पोस्ट टाकणे बंद केले आहे. आता आपोआप पोस्ट फक्त पेजवर जाते, म्हणून आपल्या नावाचे किंवा विषयाचे पेज आधी तयार करावे लागते. इन्स्टाग्रामला व्यावसायिक किंवा क्रिएटर प्रकारचे खाते लागते, प्रत्येक पोस्टला चित्र वा व्हिडिओ लागतो, आणि मजकुरात लिहिलेली लिंक तेथे दाबता येत नाही. त्यामुळे लेखाकडे वाचक आणण्यासाठी त्याचा उपयोग बेताचाच आहे. थ्रेड्सने जून २०२४ मध्ये बाहेरच्या यंत्रांना दार उघडले आणि तेथे लिंक व्यवस्थित चालते.

एक्सची गोष्ट निराळी आहे. २०२३ मध्ये त्याने बाहेरच्या यंत्रांना मिळणारी जुनी मोफत सोय गुंडाळली, आणि त्याच वर्षी वर्डप्रेसच्या जेटपॅकसह अनेक सेवांनी एक्सला पाठवणे सोडून दिले. तेव्हापासूनचे नियम आणि दर इतक्यांदा बदलले आहेत की नवख्याने त्यामागे जीव टाकू नये, असे माझे मत आहे. वाचक तेथे असतील तर तेवढी एक पोस्ट हाताने टाकावी.

चौथी पायरी: रस्ता निवडणे

पाठवण्याचे तीन रस्ते आहेत. वर्डप्रेस वापरणाऱ्याला सर्वात सोपा रस्ता प्लगइनचा. जेटपॅक सोशल बसवले, फेसबुक पेज, लिंक्डइन, थ्रेड्स, मास्टोडॉन, ब्लूस्काय यांपैकी हवी ती खाती जोडली, की लेख प्रकाशित करण्याच्या पडद्यावरच कोठे कोठे पाठवायचे याच्या खुणा दिसतात आणि सोबतचा मजकूर तेथेच लिहिता येतो. हा मजकूर लिहिण्याची जागा हीच त्याची मोठी सोय आहे.

दुसरा रस्ता फीड वाचणाऱ्या सेवांचा. आयएफटीटीटी किंवा झॅपियर अशा ठिकाणी खाते उघडून 'या फीडमध्ये नवी नोंद आली की तेथे पोस्ट टाक' असा नियम मांडायचा. वेबसाइट कोणत्याही साधनाने बनवलेली असली तरी हे चालते. मात्र मोफत योजनेला मर्यादा असतात. आयएफटीटीटीवर मोफत खात्याला असे दोनच नियम मिळतात, आणि फीड तपासण्याचा वेगही मंद असतो. या मंदपणाचा फायदाही आहे: लेख प्रकाशित केल्यावर मथळ्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक लक्षात आली, तर ती सुधारायला थोडा अवधी मिळतो. प्लगइन मात्र बटण दाबताच पाठवून मोकळे होते.

तिसरा रस्ता स्वतःच्या स्क्रिप्टचा, म्हणजे स्वतः चालवायच्या छोट्या प्रोग्रॅमचा; प्रोग्रॅमिंग न येणाऱ्याने तो सोडून द्यावा. गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेवर वेबसाइट ठेवणारे लोक गिटहब ॲक्शन्समध्ये, म्हणजे तेथील आपोआप कामे चालवणाऱ्या सोयीत, एक छोटी स्क्रिप्ट ठेवतात; ती ठरावीक वेळी फीड वाचते, शेवटी पाठवलेल्या लेखाची नोंद पाहते आणि नवे असेल ते पाठवते. येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिचे वेळापत्रक जागतिक प्रमाणवेळेत लिहिले जाते आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत, म्हणून नागपुरात संध्याकाळी साडेसातला चालवायची तर दुपारचे दोन असे लिहावे लागते. बरोबर तासाच्या ठोक्याला तेथे गर्दी असल्याने काम रेंगाळते, तेव्हा दोन वाजून सात मिनिटे अशी आडनिडी वेळ द्यावी. आणि सार्वजनिक रिपॉझिटरीत (गिटहबवरच्या फायलींच्या साठ्यात) ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही, तर हे वेळापत्रक आपोआप बंद पडते. दोन महिने काही न लिहिणाऱ्याला हे हमखास भोवते.

याशिवाय मास्टोडॉनच्या जगासाठी एक चौथी वाट आहे. वर्डप्रेसचे ॲक्टिव्हिटीपब हे प्लगइन वेबसाइटलाच त्या जाळ्यातले एक खाते बनवते: लोक तिला थेट फॉलो करतात, आणि त्यांची उत्तरे लेखाखाली प्रतिक्रिया म्हणून उमटतात. तेथे प्रत पाठवण्याचा प्रश्नच उरत नाही. माझी पसंती यालाच आहे, पण मग मास्टोडॉनवरच्या वेगळ्या खात्याकडे तोच लेख आपोआप पाठवणे बंद ठेवावे, अन्यथा दोन्हींना फॉलो करणाऱ्यांना सगळे दुबार मिळेल.

पाचवी पायरी: खाती जोडणे

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. कोणत्याही सेवेला किंवा स्क्रिप्टला खात्याचा मुख्य पासवर्ड देऊ नये. प्रत्येक माध्यमावर त्यासाठी स्वतंत्र किल्ली मिळते, आणि ती नंतर एकटी रद्द करता येते.

मास्टोडॉनवर पसंती या विभागात 'डेव्हलपमेंट' असा उपविभाग असतो. तेथे नवे ॲप्लिकेशन तयार करून त्याला फक्त पोस्ट लिहिण्याची परवानगी द्यावी. बाकीच्या खुणा काढून टाकाव्यात. मग मिळणारे ॲक्सेस टोकन, म्हणजेच ती किल्ली, सेवेत चिकटवावे. ब्लूस्कायवर सेटिंगमधील गोपनीयता व सुरक्षिततेच्या विभागात ॲप पासवर्ड तयार करता येतो. ब्लूस्कायवर आपले स्वतःचे डोमेन हेच खात्याचे नाव म्हणून वापरता येते, त्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे असलेल्या त्याच्या नोंदींत, एक नोंद करावी लागते; वेबसाइट आणि खाते एकाच व्यक्तीचे आहे हे वाचकाला त्यावरून पाहताक्षणी कळते.

टेलिग्रामवर 'बॉटफादर' नावाच्या अधिकृत बॉटशी, म्हणजे यंत्राने चालणाऱ्या खात्याशी, संभाषण सुरू करून नवा बॉट मागावा. तो एक लांबलचक टोकन देतो. मग आपल्या चॅनलमध्ये या बॉटला प्रशासक करावे आणि त्याला केवळ संदेश टाकण्याचा हक्क द्यावा. हे टोकन ज्याच्या हाती जाईल तो आपल्या चॅनलवर काहीही टाकू शकतो. त्यामुळे ते स्क्रिप्टमध्ये उघडे लिहू नये, त्याचा स्क्रीनशॉट काढून मदतीसाठी गटात टाकू नये, आणि गिटहब वापरत असल्यास ते 'सीक्रेट्स' या कप्प्यातच ठेवावे. चुकून बाहेर गेले तर बॉटफादरकडूनच ते रद्द करून नवे घेता येते.

फेसबुक पेज जोडताना परवानगीचा पडदा उघडतो आणि तेथे आपली सगळी पेजेस खुणा करून मांडलेली असतात. हवे तेवढेच पेज निवडावे. मामेभावाच्या दुकानाच्या पेजचे आपण कधीकाळी प्रशासक झालेलो असतो, आणि मारबतीचा लेख तेथेही जाऊन पडतो.

सहावी पायरी: देवनागरी मजकुराच्या खास अडचणी

इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत हा भाग सहसा सापडत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो.

पहिली अडचण लेखाच्या पत्त्याची. वर्डप्रेस मराठी मथळ्यावरून मराठी पत्ता बनवते. ब्राउझरमध्ये तो सुंदर दिसतो; पण कॉपी करून दुसरीकडे टाकला की देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या जागी टक्केचिन्हे आणि आकडे मिळून नऊ रोमन चिन्हे येतात. 'मारबत-आणि-बडग्या' एवढा छोटा पत्ता अशा रूपात १२८ चिन्हांचा होतो. त्यात वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० चिन्हांवर कापते, म्हणजे देवनागरीची साधारण बावीस चिन्हे झाली की मथळ्याचा उरलेला भाग पत्त्यातून गळतो. म्हणून लेख प्रकाशित करण्याआधी पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत दोन-तीन छोटे शब्द लिहावेत. प्रकाशित झाल्यावर मात्र पत्ता बदलू नये, कारण तोवर जुनी लिंक बाहेर गेलेली असते.

दुसरी अडचण मोजणीची. 'नागपूर' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या दृष्टीने काना आणि ऊकार ही वेगळी चिन्हे असल्याने तो सहा चिन्हांचा आहे, आणि साठवणीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने तो १८ बाइटचा आहे. ब्लूस्कायची ३०० ची मर्यादा डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांवर मोजली जाते, तर एक्सच्या २८० मध्ये प्रत्येक काना-मात्रा वेगळी धरली जाते. त्यामुळे मराठी मजकूर एक्सवर अपेक्षेपेक्षा फार लवकर संपतो. मास्टोडॉनची सर्वसाधारण मर्यादा ५०० आहे. एक्स आणि मास्टोडॉन लिंक कितीही लांब असली तरी तिला २३ च धरतात. ब्लूस्कायवर मात्र स्क्रिप्टने लिंक जशीच्या तशी मजकुरात टाकली तर तिची पूर्ण लांबी मोजली जाते, आणि वर सांगितलेला १२८ चिन्हांचा पत्ता तेथे निम्मी जागा खाऊन टाकतो. शिवाय ब्लूस्कायवर मजकुरातला कोणता भाग लिंक आहे, हे बाइट मोजून सांगावे लागते. इंग्रजी मजकुरावर तपासलेली स्क्रिप्ट चिन्हे मोजते, आणि मराठीत लिंकची निळी खूण भलत्याच शब्दावर सरकते. मराठी पोस्टमध्ये असे दिसले तर दोष येथेच शोधावा.

मजकूर मर्यादेत बसवण्यासाठी यंत्र तो मध्येच तोडते, तेव्हा 'बडग्यांची' या शब्दाचे 'बडग्' असे पाय मोडलेले रूप शेवटी लोंबकळते. यावर तोडगा एकच: पाठवला जाणारा मजकूर मुळातच आखूड ठेवावा. मथळा, एक पूर्ण वाक्य आणि लिंक मिळून २०० चिन्हांच्या आसपास असतील तर कोठेच कात्री लागत नाही.

शेवटची अडचण भाषेच्या ओळखीची. लिपी एकच असल्याने यंत्रे मराठी मजकुराला सर्रास हिंदी समजतात, आणि मग मराठी निवडून वाचणाऱ्यांपर्यंत तो पोचत नाही. वर्डप्रेसच्या सामान्य सेटिंगमध्ये वेबसाइटची भाषा मराठी ठेवावी, मास्टोडॉनच्या पसंतीमध्ये पोस्टची भाषा मराठी निवडावी, आणि स्क्रिप्ट वापरत असल्यास मास्टोडॉन व ब्लूस्काय या दोन्हींकडे भाषेचा संकेत स्पष्टपणे पाठवावा.

सातवी पायरी: वेळ

मारबतीचा लेख आदल्या रात्री लिहून सकाळी सातसाठी लावून ठेवला, आणि वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये वेळ अजूनही जागतिक प्रमाणवेळेवरच असेल, तर तो दुपारी साडेबाराला प्रकाशित होईल. नव्या वेबसाइटवर बहुधा तीच वेळ असते. ती बदलून कोलकाता निवडावे. दुसरे असे की वर्डप्रेसचे अंतर्गत घड्याळ कोणीतरी वेबसाइटला भेट दिली की मगच चालते. पहाटे एकही वाचक फिरकला नाही, तर सातचा लेख पहिला वाचक येईपर्यंत तसाच पडून राहतो. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये क्रॉन जॉब म्हणून खरे घड्याळ लावता येते. ते जमत नसल्यास महत्त्वाच्या दिवशी स्वतः वेबसाइट उघडून पाहावी, तेवढ्याने काम होते.

काय हाताने करावे

व्हॉट्सॲपसाठी यंत्राचा नाद धरू नये. नागपुरात घरोघरी वाचन होते ते तेथेच, हे खरे. परंतु वैयक्तिक खात्यावरून गटांमध्ये आपोआप संदेश टाकणारी जी अनधिकृत साधने मिळतात, ती व्हॉट्सॲपच्या अटींविरुद्ध आहेत आणि त्यांच्यापायी क्रमांक बंद होऊ शकतो. भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आलेली चॅनलची सोय वापरावी आणि तेथे लिंक हाताने टाकावी. सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या गटात टाकताना तर दोन ओळी त्या माणसांना उद्देशून लिहिलेल्या असाव्यात. प्रत्येक लेखाची कोरडी लिंक आली की लोक गट म्यूट करतात.

प्रतिक्रियांना उत्तरेही स्वतःच द्यावीत. ब्रिजीसारखी सेवा मास्टोडॉन व ब्लूस्कायवरची उत्तरे गोळा करून वेबसाइटवर आणते, तिचा जमल्यास उपयोग करावा, पण उत्तर लिहायला माणूसच हवा. सारखे पाठवणारे आणि कधीच न बोलणारे खाते लोक लवकर ओळखतात.

दुरुस्तीचेही तसेच आहे. वेबसाइटवर लेख सुधारला किंवा काढून टाकला, तरी बाहेर गेलेल्या प्रती आपोआप बदलत नाहीत. म्हणून लेखाच्या तळाशी किंवा निदान आपल्या वहीत, तो कोठे कोठे गेला आहे त्या पोस्टच्या लिंक नोंदवून ठेवाव्यात. एखाद्याने आपले छायाचित्र काढण्याची विनंती केली, तर ही नोंद असल्याशिवाय सगळ्या प्रती सापडत नाहीत. आणि लहान मुलांची छायाचित्रे असलेल्या लेखाला स्वयंचलित प्रसारणातून वगळावे. प्लगइनमध्ये त्या लेखापुरती खूण काढता येते, तर फीडच्या रस्त्यासाठी बाहेर पाठवायच्या लेखांचा वेगळा विभाग करून केवळ त्याच विभागाचे फीड सेवेला द्यावे.

चाचणी आणि देखभाल

सगळे जुळल्यावर थेट खरा लेख पाठवू नये. एक छोटी चाचणी नोंद प्रकाशित करावी, मास्टोडॉनवर तिची दृश्यमानता 'क्वाएट पब्लिक' (जुने नाव 'अनलिस्टेड') ठेवावी, आणि मोबाइलवरून प्रत्येक ठिकाणी जाऊन चार गोष्टी पाहाव्यात: पोस्ट एकदाच आली का, लिंक दाबता येते का, कार्डात योग्य चित्र आहे का, आणि मराठी मजकूर मध्येच तुटला आहे का. चित्राचे दृष्टिहीन वाचकांसाठीचे वर्णन फीडच्या रस्त्याने सोबत जाईलच असे नाही; ते गेले नसेल तर मास्टोडॉनवर नंतर भरता येते. मग चाचणीची नोंद आणि तिच्या सगळ्या प्रती काढून टाकाव्यात.

जोडण्या कायम टिकत नाहीत. लिंक्डइनच्या परवानग्यांची मुदत साधारण ६० दिवसांची असते. काही सेवा ती आपणच वाढवून घेतात, काही घेत नाहीत. फेसबुकचा पासवर्ड बदलला की तेथील जोडणी तुटते. बहुतेक सेवा याची सूचना ईमेलने पाठवतात आणि ती प्रमोशनच्या कप्प्यात पडून राहते, त्यामुळे त्या सेवेचा पत्ता ईमेलमध्ये महत्त्वाचा म्हणून नोंदवावा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक माध्यमावर शेवटचा लेख पोचला आहे की नाही, एवढे पाहावे. ज्या सेवा वापरणे सोडले आहे, त्यांच्या किल्ल्या त्याच वेळी संबंधित माध्यमाच्या सेटिंगमध्ये जाऊन रद्द कराव्यात. केवळ त्या सेवेवरचे खाते पुसल्याने दिलेली परवानगी रद्द झाली असे समजू नये.